जाब विचारायचा, पण कुणाला?

जिल्हा परिषदेच्या शाळांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गट पडतात. एक म्हणतो, "मास्तरांना फुकटचा पगार." दुसरा म्हणतो, "बिचाऱ्यांना शिकवायला वेळ कुठे देता?" मला दोन्हींचा कंटाळा आलाय. कारण दोघांचं बोलून झालं तरी पोरगं तिथंच असतं. पाचवीत बसलेलं, आणि दुसरीचा धडा वाचता न येणारं.

अतिशयोक्ती नाही ही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नाही. (यात खाजगी शाळांतली मुलंही आली, तेव्हा कुणी कॉलर ताठ करू नये.)

गंमत म्हणजे जाब विचारायची सोय कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळांत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करणं, आलेला पैसा कुठं खर्च झाला ते बघणं ही तिची कामं. प्रत्यक्षात मी काय पाहिलंय? रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात, झाली सभा!

समितीनं दोनच प्रश्न धरून बसावं. पहिला शिक्षकांना: कोणत्या इयत्तेतल्या किती मुलांना वाचता येतं? आकडा फळ्यावर लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. दुसरा वरच्या साहेबांना: शिक्षकाची रिकामी जागा कधी भरणार? आणि जनगणना, आपत्ती निवारण, निवडणूक सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामाला जुंपू नये असं त्याच कायद्याचं कलम २७ सांगत असताना बाकीची कामं कुणाच्या हुकमानं चालतात?

नुसता दुसरा प्रश्न विचारला तर ती शिक्षकांना आयती सबब मिळते. नुसता पहिला विचारला तर शिक्षकांवर अन्याय होतो. दोन्ही एकाच सभेत, एकाच इतिवृत्तात यायला हवेत.

ज्यांचा गावात आवाज होता, त्यांतल्या बहुतेकांनी मुलं केव्हाच दुसरीकडे घातली. उरलेत ते मजुरीवर जाणारे आईबाप. त्यांनी एकट्यानं साहेबांशी भांडायचं का?

म्हणून आपल्या घरच्या मंडळींना एक विनंती. गणपतीला गावी जाल तेव्हा शाळेच्या कमानीसाठी देणगीची पावती फाडण्याआधी एवढंच विचारा, "समितीची शेवटची सभा कधी झाली? इतिवृत्त बघू."