उसन्या कवाडांची घरे

नव्या घराला 'कॅरेक्टर' नसते, ही तक्रार अलीकडे नवी मुंबईत वारंवार कानी पडते. ती करणारी माणसे आमच्याच वयाची, आमच्याच व्यवसायातली, मराठी वाचणारी असतात. खारघर, उलवे, घणसोलीच्या मनोऱ्यांतून नुकतीच राहायला आलेली. उपायही ठरलेला आहे. बिल्डरने दिलेली आतली दारे काढावीत आणि त्या जागी नक्षीदार, जमल्यास एखाद्या पाडलेल्या वाड्याची कवाडे बसवावीत. परवा एका स्नेह्यांकडे शयनगृहाला असे कवाड पाहिले. गृहप्रवेशाचे पेढे तोंडात असताना जे बोलता आले नाही, ते येथे लिहीत आहोत.

प्रथम प्रतिपक्षाचे देणे देऊन टाकू. बिल्डरचे फ्लश दार ही दरिद्री वस्तू आहे, हे आम्हांस मान्य आहे. आत लाकडी पट्ट्यांचा किंवा पोकळ गाभा, दोन्ही अंगांना प्लायवूड, वर सनमायका. जाडी जेमतेम 30-35 मिलिमीटर. खाडीकाठच्या दमट हवेत जुलै उजाडला की ते चौकटीत अडकू लागते. तरीही ते जे नाही ते असल्याचा आव आणत नाही. त्याच्या जागी येणारे स्वस्तातले 'डिझायनर' दार नेमका तोच आव आणते. जुना सुतार पॅनेलचे दार करी त्याला कारण होते. रुंद फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते; म्हणून उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट करून तिच्या खाचेत फळी थोडी सैल बसवायची, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते. आज लाकडाच्या तंतूंचा लगदा साच्यात दाबून त्यावर पॅनेलचे उंचवटे आणि सागाच्या रेषाही उमटवतात. कारण गेले, आकार उरला. अलंकार्याविना अलंकार असलेल्या कवितेला आम्ही वर्गात काय म्हणतो, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

"पण आमचे दार अस्सल आहे, सागवानी आहे," असे स्नेही म्हणाले. आहेच. मात्र नव्या चौकटीत बसावे म्हणून त्याच्या डोक्यावर प्लायवूडचा तुकडा जोडलेला होता. उंबरठा मूळ जागीच राहिला होता आणि अडसराची खोबण पुट्टीने बुजवलेली होती. वाड्यातली कित्येक आतली दारे ठेंगणी असत. मान लववल्याखेरीज आत जाता येत नसे. ओसरीपर्यंत कोणी यायचे, माजघरापर्यंत कोणी, अंगणाच्याही बाहेर कोणी उभे राहायचे. घरातल्याच बाईने महिन्यातले कोणते दिवस कोणत्या दाराअलीकडे काढायचे. हे सारे त्या दारांनी ठरवलेले असे. दाराचे 'कॅरेक्टर' म्हणायचे तर ते हे. दलित आत्मकथनांनी ही दारे बाहेरून दाखवली, स्त्रियांच्या आत्मचरित्रांनी आतून. ती पुस्तके आपण शिकवतो. तेवढा भाग पाडलेल्या वाड्याच्या मातीत टाकून केवळ नक्षी उचलून आणायची आणि तिला 'वारसा' म्हणायचे, याला आम्ही अर्धवट वाचन म्हणतो.

आता मराठी वाङ्मयातले सर्वांत प्रसिद्ध दार कोणते, ते आठवून पाहावे. लोकांच्या निंदेने व्यथित झालेल्या ज्ञानदेवांनी स्वतःला कोंडून घेतले आणि मुक्ताबाईंनी बाहेर उभे राहून विनवणी केली, अशी 'ताटीच्या अभंगां'मागची परंपरागत कथा आहे. ताटी म्हणजे बांबू-काडक्यांची साधी झडप. तिच्यावर वेलबुट्टी नव्हती, गणेशपट्टी नव्हती. तिला अर्थ आला तो एका बाजूला रुसलेला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला धाकटी बहीण होती म्हणून. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (1967) या नाटकातले सभागृहाचे दारही असेच सामान्य. आरंभी त्याच्या कडीने बेणारेचे बोट दुखावते. पुढे ती निघून जाऊ पाहते, तेव्हा ते बाहेरून लागलेले असते. त्या दाराचे लाकूड कोणते, असा प्रश्न कोणी विचारला आहे काय?

आणि वारसा तरी कोणाचा? सिडकोची स्थापना 1970 मध्ये झाली आणि 95 गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. त्या जमिनीच्या मोलासाठी जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात मेले. दिवाळे, करावे, सारसोळे ही आगरी-कोळ्यांची गावठाणे आजही मनोऱ्यांच्या पायथ्याशी आहेत. चौदाव्या मजल्यावरून आपण त्यांच्याकडे पाहतो ते 'अनधिकृत बांधकामे' म्हणून. इथल्या मातीत 'कॅरेक्टर' नाही असे समजून देशावरच्या वाड्याचे कवाड मागवायचे, हा उद्दामपणा आम्हांस अधिक बोचतो.

मग दारे बदलूच नयेत काय? अवश्य बदलावीत. सुताराकडून साधे, भक्कम, उघड्या सांध्यांचे दार करून घ्यावे. चार्ल्स कोरियांनी 1980च्या दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमधली घरे राहणाऱ्यांना वाढवता यावीत अशीच योजली होती. घर राहण्याने घडते, हा विश्वास त्यामागे होता. आमचे म्हणणे एवढेच, की दार बदलताना ते कोणासाठी, हा प्रश्न आधी विचारावा.

आमच्या नेरूळच्या एका शयनगृहाच्या घरात स्वयंपाकघराला लागून एक अरुंद जागा आहे. तिला वर्षानुवर्षे पडदाच होता. मुलगी बारावीत गेली तेव्हा तेथे साधे फ्लश दार लावले, कडी आतून. पहिल्या संध्याकाळी तिने ते लावून घेतले, आणि खरे सांगायचे तर आम्हांला थोडे लागले. हाक मारत सरळ आत शिरण्याची सवय होती. आता आम्ही बाहेर थांबतो, टकटक करतो. ते दार सजावटीच्या कोणत्याही मासिकात छापून येणार नाही. पण दारावर थांबणे आम्हांला त्यानेच शिकवले, तेही चाळिशी उलटल्यावर.