चार गाड्या ज्वारी

३ जानेवारीला बुऱ्हाणपुरातल्या एका कार्यक्रमात मला अध्यक्ष म्हणून बसवलं होतं. निवृत्त शिक्षिकेला वर्षातून एकदोनदा असं बसवतात. शाल मिळते, चहा मिळतो. सहावीतली एक मुलगी सावित्रीबाईंवर बोलायला उभी राहिली. पाठांतर चोख. लग्न झालं, जोतिरावांनी शिकवलं, शाळा काढली, लोकांनी शेण मारलं, बाई पिशवीत दुसरं लुगडं घेऊन जायच्या. टाळ्या. पाठोपाठ आणखी चार भाषणं झाली आणि चारही वेळा शेण पडलं.

खोटं कुणीच बोललं नाही. पण ऐकता ऐकता मला तापीपलीकडचा आहूखाना आठवायला लागला. नवरा-बायकोच्या प्रेमाची गोष्ट सांगायची आमच्या गावाला जुनी हौस. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज इथे चौदाव्या बाळंतपणात गेली, काही महिने तिला आहूखान्याजवळ जैनाबादच्या बागेत पुरून ठेवलं, मग आग्र्याला नेलं. पाहुणा आला की आपण हेच सांगतो. तिच्यावर काय ओढवलं आणि बादशहाने काय बांधलं, बस्स. ती बाई कशी होती, काय बोलायची, याची चौकशी पाहुणाही करत नाही. फुले पती-पत्नीचीही आपण तीच गत केली आहे. तिने सोसलं, त्यांनी घडवलं.

सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं छापलेली आहेत, मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात ती वाचायला मिळतात. १८५६, १८६८ आणि १८७७. पहिलं पत्र आजारपणात माहेराहून, नायगावाहून लिहिलेलं. बाई बऱ्या होताहेत. पण पुण्यात सगळं काम एकट्या फातिमा शेखवर पडलं असेल, याचा घोर लागलेला. शिवाय भावाशी वाद झालेला. महारमांगांना शिकवून तुम्ही नवरा-बायको बुडालात, असं त्याचं म्हणणं. बाईंनी त्याला आजारी अंगाने गप्प केलं, आणि तो वाद मुद्देसूद नवऱ्याला कळवला. दुसऱ्या पत्रात एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांना गाव मारायला निघालं होतं. बाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला, आणि दोघांना सरळ जोतिरावांकडे पाठवून दिलं. पुढचं तुम्ही बघा, अशा विश्वासाने.

तिसरं पत्र दुष्काळातलं, जुन्नर भागातल्या ओतूरहून. माणसं गाव सोडताहेत, पोरं विकताहेत, सावकार संधी साधताहेत. सत्यशोधक मंडळी धान्य वाटायला गेली तर दंग्याचा आळ घेऊन पन्नासेक जण धरले गेले. कलेक्टरने बाईंना बोलावलं. भली माणसं का डांबली, असं त्यांनी त्याला तोंडावर विचारलं. माणसं सुटलीच, वर त्याने चार गाड्या ज्वारी पाठवली. जोतिराव तिथे नव्हते. ओतूरचं काम बाईच चालवत होत्या, आणि पुण्याला अहवाल जात होता.

होय, अहवालच. या पत्रांत विरह औषधापुरताही नाही. तरी मला ती प्रेमपत्रं वाटतात, आणि याला कारण घरचंच आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी शहापूरला मराठी शाळेवर, मास्तर खकनारला हिंदी शाळेवर. भेट शनिवारी. अधल्यामधल्या दिवशी खकनारच्या गाडीचा कंडक्टर चिठ्ठी आणून बुऱ्हाणपूरच्या स्टँडवर चहावाल्याकडे ठेवायचा, तिथून ती शहापूरच्या गाडीने माझ्याकडे. वहीच्या आडव्या फाडलेल्या पानावर मास्तरांचं कोरीव अक्षर: ‘तिसरीतली पाच पोरं आईबापांबरोबर केळी कापायला रावेरकडे गेली. फळ्याला काळा रंग हवा, डबी पाठव. भागाकार तू कुठून सुरू करतेस?’ खाली सही. माझ्या जावेने एकदा असली चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, ‘वहिनी, हे नवऱ्याचं पत्र का साहेबाचं?’ मी हसले. भागाकार कुठून सुरू करतेस, असं ते साऱ्या तालुक्यात मलाच विचारत, हे तिला कसं सांगणार? (चिंचोक्यांपासून. आधी वाटायचं, मग लिहायचं.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच की शेणाची गोष्ट दोन वाक्यांत उरकावी आणि उरलेला वेळ बाईंच्या कामाला द्यावा. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षीचा. १८९० मध्ये जोतिराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरून त्या पुढे चालल्या. तीन वर्षांनी सासवडला सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. नवऱ्यामागे सहा वर्षं हे चालू होतं, हेही मुलांना कळू द्या.

अध्यक्षीय भाषणात मी ओतूरचं पत्र सांगितलं. आयोजकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी ती सहावीतली मुलगी चहाच्या टेबलाशी आली. ‘मॅडम, चार गाड्या ज्वारी म्हणजे किती?’

असा प्रश्न आला की शाल खुर्चीवर राहते. आमच्याकडे बैलगाडीत क्विंटलची दहा पोती धरत, ओतूरचं मला माहीत नाही, पण धरू. चाळीस पोती. म्हणजे चार हजार किलो. माणशी दिवसाला अर्धा किलो. तिने कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर भागाकार मांडला. आठ हजार. शंभर माणसं असली तर? ऐंशी दिवस.

‘पत्र कधीचं?’

‘२० एप्रिलचं.’

तिने बोटांवर महिने मोजले. ‘म्हणजे जुलै,’ म्हणाली, ‘पेरणीपर्यंत.’