धरणग्रस्तांचे हात आणि विमानांचे सुटे भाग

वैनगंगेवर गोसीखुर्द येथे उभ्या असलेल्या धरणाला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला जातो आणि वृत्तपत्रांत फेसाळत्या पाण्याची छायाचित्रे झळकतात. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. १९८३ मध्ये मंजुरीच्या वेळी ३७२ कोटी रुपयांचा असलेला हा प्रकल्प पुढे कित्येक हजार कोटींचा झाला आणि २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. या खर्चाचा आणि सिंचनाचा हिशेब अनेकांनी अनेकदा मांडला असल्याने तो पुन्हा मांडण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रस्तुत लेखकाला विचारावयाचा आहे तो निराळा प्रश्न: ज्यांची शेते जलाशयाखाली गेली त्यांच्या मुलांनी आता कोणते काम करावे?

हा प्रश्न सुचण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. पुनर्वसित गावातील एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी भेटावयास आला. आयटीआयचा अभ्यासक्रम पुरा करून तो नागपूरकडील एका कारखान्यात लागला होता. विमानाच्या इंजिनाचे सुटे केलेले भाग रसायनांच्या टाक्यांत धुऊन काढण्याच्या विभागात त्याची नेमणूक होती. काम बरे आहे असे तो म्हणाला, परंतु त्याच्या चेहऱ्यावर संकोच होता. अखेरीस त्याने विचारले, “सर, घरी का सांगू? विमानात काम करतो, की विमान धुतो?”

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आपल्या समाजात ‘धुणे’ आणि ‘सफाई’ या शब्दांना जो वास चिकटला आहे तो त्या मुलाला ठाऊक होता. म्हणूनच हे काम वास्तविक काय आहे, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

विमानाचे इंजिन ठराविक उड्डाणांनंतर उघडले जाते. त्यातील चकत्या, पाती आणि नळ्या सुट्या करण्यात येतात. त्यांवर वंगण, काजळी आणि उष्णतेने जमलेला ऑक्साइडचा थर असतो. हे भाग जाळीच्या टोपलीत ठेवून एकामागून एक टाक्यांतून नेले जातात. वंगण सोडविण्यासाठी गरम अल्कधर्मी द्रावण, कडक थर मऊ करण्यासाठी परमँगनेटचे द्रावण, थर काढण्यासाठी आम्ल, प्रत्येक टप्प्यानंतर स्वच्छ पाण्याचा फवारा आणि शेवटी वाळवण असा हा साधारण क्रम असतो. या टाक्यांच्या रांगेलाच क्लीनिंग लाइन म्हणतात. कोणता धातू कोणत्या टाकीत किती मिनिटे आणि किती तापमानाला ठेवावयाचा, हे नियमपुस्तकात लिहिलेले असते. परंतु ते पाळणारा मनुष्य जागा असावा लागतो. तीव्र अल्कलीत ॲल्युमिनियम झिजते. अतिकठीण पोलादाला आणि टायटॅनियमला आम्लात गरजेपेक्षा अधिक काळ ठेवले तर हायड्रोजन शोषला जाऊन धातू आतून ठिसूळ होऊ शकतो, आणि बाहेरून पाहणाराला त्याचा पत्ताही लागत नाही.

भाग स्वच्छ झाला की नाही, हे पाहण्याची एक साधी परीक्षा आहे. त्यावर पाणी सोडावयाचे. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर भाग स्वच्छ. पाणी फाटून त्याचे थेंब झाले तर तेलाचा अंश शिल्लक आहे. आपल्या भागात तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणाऱ्या कारागिराला हे तत्त्व मुळीच नवे वाटणार नाही. भांडे नीट घासले नाही तर कल्हई धरत नाही, हे तो शाळेत न जाताही जाणत होता. भंडाऱ्याची तर पितळी भांड्यांसाठी ख्याती आहे. कल्हई सुटली तर फार तर आमटी कळकते. विमानाच्या बाबतीत मात्र गोष्ट एवढ्यावर थांबत नाही.

धुऊन झालेला भाग तपासणीस जातो. त्यावर एक चमकणारा रंगद्रव लावतात. धातूत केसासारखी भेग असेल तर द्रव तिच्यात शिरतो, आणि वरचा द्रव पुसून काढल्यावर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली ती भेग रेषेसारखी उजळते. मात्र भेगेत आधीच काजळी, तेल किंवा पाणी भरलेले असेल, तर द्रवाला आत जागाच उरत नाही. उलट, उत्साहाच्या भरात कणांच्या माऱ्याने भाग अति घासला, तर पृष्ठभागावरचा धातू सरकून भेगेचे तोंडच बुजते. दोन्ही वेळी तपासनिसाला भाग निर्दोष दिसतो. तात्पर्य, तपासनिसाचा डोळा कितीही तीक्ष्ण असला तरी धुणाराने जे उघडे केले तेवढेच त्याला दिसू शकते.

हे केवळ पुस्तकी तर्कट नव्हे. ६ जुलै १९९६ रोजी अमेरिकेतील पेन्साकोला येथे डेल्टा कंपनीच्या विमानाच्या एका इंजिनाच्या पुढील पंख्याचा मध्यभाग उड्डाणाच्या वेळी फुटला आणि तुकडे प्रवाशांच्या कक्षात घुसून दोन प्रवाशांचा मृत्यू झाला. भेगेचे मूळ त्या भागाच्या निर्मितीतील छिद्र पाडण्याच्या दोषात होते. परंतु आधीच्या तपासणीत सापडण्याइतकी मोठी झालेली ती भेग रंगद्रवाच्या तपासणीतून निसटली होती. अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने भाग धुण्याच्या, वाळविण्याच्या आणि हाताळण्याच्या पद्धतींतील उणिवांकडेही बोट दाखविले.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. कारखान्याचे उत्पादन म्हणजे प्रत्येक कामगाराच्या कामाची बेरीज, असे आपण सामान्यतः धरून चालतो. मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये निराळी मांडणी केली. १९८६ साली चॅलेंजर हे अंतराळयान एका रबरी कड्याच्या दोषामुळे नष्ट झाले होते; त्या कड्याचेच नाव क्रेमर यांनी आपल्या सिद्धान्ताला दिले. त्यांचे म्हणणे असे की काही व्यवसायांत टप्प्यांची बेरीज होत नसून गुणाकार होतो, आणि गुणाकारातील एक संख्या शून्य झाली तर बाकीच्या कितीही मोठ्या असोत, उत्तर शून्यच येते. या सिद्धान्ताचा एक निष्कर्ष असा की जेथे वस्तू मौल्यवान आणि चूक महाग, तेथे खालच्या पायरीवरील कामगारही कुशल हवा आणि त्याचे वेतनही अन्यत्र तेच काम करणाऱ्यापेक्षा अधिक असावयास हवे. विमानाच्या देखभालीला हे वर्णन तंतोतंत लागू पडते.

याहून जुना दाखला ॲडम स्मिथचा आहे. १७७६ च्या आपल्या ग्रंथात त्याने सांगितले की काम जितके घाणेरडे, कष्टाचे आणि कमी मानाचे, तितका मजुरीचा दर, अन्य गोष्टी समान असता, अधिक असतो. कारण त्याशिवाय ते करावयास कोणी पुढे येणार नाही. आपल्या देशात याच्या नेमके उलट घडत आले. घाणीचे काम जन्माने ठरावीक माणसांच्या गळ्यात बांधले गेल्यामुळे ‘पुढे कोण येणार’ हा प्रश्नच उपस्थित झाला नाही, आणि दर वाढण्याचे कारणही उरले नाही. जातिव्यवस्थेने केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी केली, हा डॉ. आंबेडकरांचा १९३६ मधील आक्षेप मजुरीच्या बाजारालाही लागू आहे. त्या विद्यार्थ्याचा संकोच याच इतिहासातून आलेला आहे. आणि ‘धुण्याचेच तर काम आहे, कंत्राटदाराकडून चार पोरे घ्या’ असे म्हणणाऱ्या व्यवस्थापकाची काटकसरही त्याच इतिहासातून आलेली असते.

नागपूरच्या संदर्भात हा विचार आज अधिकच निकडीचा आहे. मिहान प्रकल्पात बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले विमान-देखभाल केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली तेव्हा देखभालीची कंपनी सरकारकडेच राहिली. याच परिसरात विमानांचे भाग घडविणारे आणि खासगी देखभाल करणारे उद्योगही आले. वायुसेनेच्या देखभाल विभागाचे मुख्यालय तर पूर्वीपासून नागपुरात आहे, आणि नाशिकजवळ ओझर येथे लढाऊ विमानांची निर्मिती व दुरुस्ती चालते. देखभालीचा व्यवसाय परदेशी जाऊ नये म्हणून केंद्र शासनाने २०२० मध्ये या सेवेवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. म्हणजे करदात्याने या उद्योगासाठी आपला वाटा उचललेला आहे. त्याच्या मोबदल्यात येथील तरुणांना काय मिळाले, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

गोसीखुर्दच्या प्रकल्पग्रस्तांपुढे आजवर दोन मार्ग ठेवण्यात आले. एक, शासकीय नोकऱ्यांतील प्रकल्पग्रस्तांसाठीच्या ५ टक्के राखीव जागा. दुसरा, रोख रक्कम. २०१३ च्या सुमारे १२०० कोटी रुपयांच्या विशेष पुनर्वसन योजनेतही नोकरीच्या बदल्यात एकरकमी पैशाची तरतूद होती. शासकीय जागा घटत चालल्या आहेत आणि रोख रक्कम घर, लग्न वा दुचाकीत संपते. जमीन ही पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देणारी मालमत्ता होती. तिचा मोबदलाही उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेच्याच रूपाने मिळावयास हवा. हातातील कसब ही तशी मालमत्ता आहे. ती बुडत नाही आणि संपादितही करता येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. विमानांच्या कारखान्यात अशा कामाच्या जागा त्या किती असणार? आक्षेप खरा आहे. एका क्लीनिंग लाइनवर हजारो माणसे लागत नाहीत आणि धरणग्रस्तांचा सारा प्रश्न तेथे सुटणार नाही. तथापि धातू धुण्याचे शास्त्र विमानापुरते मर्यादित नाही. मुलामा देण्याचे कारखाने, रेल्वेच्या कार्यशाळा, कोराडी-खापरखेड्यासारखी वीजकेंद्रे या सर्वांना हेच ज्ञान लागते. विमानाच्या कडक शिस्तीत शिकलेला कारागीर अन्यत्र कोठेही उभा राहू शकेल. याउलट ‘मदतनीस’ म्हणून घेतलेल्या आणि काहीही न शिकविलेल्या मुलाला एका कारखान्याबाहेर किंमत नाही. शिक्षण देण्यात मालकाला रस नसतो, कारण शिकलेला कामगार दुसरीकडे जाण्याची त्याला भीती असते. म्हणूनच तो भार शासनाने उचलणे अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही समर्थनीय ठरते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. धुणे म्हणजे मळ नाहीसा करणे नव्हे. तो एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे होय. टाक्यांतील वाफा कामगाराच्या फुप्फुसात जाऊ शकतात आणि धुवण नदीत. त्यात क्रोमियमसारखी विषारी द्रव्ये असू शकतात. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तेथून वैनगंगेला आणि अखेर गोसीखुर्दच्या जलाशयाला येऊन मिळते, हा अनुभव ताजा आहे. महानगराने स्वच्छ व्हावे आणि त्याचा मळ धरणग्रस्तांच्या पाण्यात साठावा, हा व्यवहार एकदा झाला तेवढा पुरे. प्रत्येक नव्या कारखान्याच्या सांडपाण्याचा हिशेब उत्पादनखर्चातच धरला गेला पाहिजे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. पवनी आणि भंडारा येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत औद्योगिक धातुस्वच्छतेचा रीतसर अभ्यासक्रम सुरू व्हावा आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मिहानमधील उद्योगांनी प्रकल्पग्रस्त उमेदवार घ्यावेत. या कारागिरांना कुशल कामगाराचा दर्जा व वेतन मिळावे; जे काम चुकले तर प्राण जातात ते अकुशल म्हणणे ही निव्वळ फसवणूक आहे. हातमोजे, वाफा ओढून घेणारे पंखे आणि नियमित वैद्यकीय तपासणी या गोष्टी मालकाच्या मर्जीवर सोडू नयेत.

त्या विद्यार्थ्याला मी काय सांगितले? घरी सांग, असे म्हणालो, की विमानाचा जो दोष कोणाला दिसत नाही तो दिसेल असा करून देण्याचे माझे काम आहे. तो हसला आणि म्हणाला, “मग सर, पगारही तसाच पाह्यजे.” त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते त्याचे मालक आणि आपले शासन यांनी द्यावयाचे आहे.