उमाजी नाईकांचे १८२८ साल का गाळता?

दर ७ सप्टेंबरला बीडपासून पुण्यापर्यंत उमाजी नाईकांच्या जयंतीचे संदेश फिरतात. त्यांत बंड असते, जाहीरनामा असतो, फाशी असते. १८२८ साल मात्र नसते. त्या वर्षी कंपनी सरकारने उमाजींना माफी दिली, जमीन व वेतन देऊन चाकरीत घेतले आणि मुलखाच्या बंदोबस्ताचे काम सोपवले. कालपर्यंत ज्याच्या शिरावर इनाम होते, तोच सरकारी रखवालदार झाला. आपल्या धागालेखकांना हा कलंक वाटतो, म्हणून ते पानच फाडून टाकतात.

मुळात ही चाकरी म्हणजे काय होते? पुरंदरचा पहारा आणि गावांची रखवाली हा रामोश्यांचा पिढीजात हक्क. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तो मोडू लागला. १८१८ नंतर नव्या राजवटीत उरलासुरलाही गेला. उमाजींचे बंड त्या हक्कासाठीही होते. तेव्हा १८२८ ची तडजोड ही त्यांची शरणागती कशी? पेशवाई बुडवणाऱ्या कंपनीला एक रामोशी नाईक हाती लागत नव्हता, याची ती कबुली होती.

चाकरीत असतानाही ते गावांकडून वसुली करीत, असा इंग्रजांचा आक्षेप आहे. तो सरसकट खोटा ठरवण्याची घाई मी करणार नाही. मात्र लिहिणारा कोण, हे पाहिले पाहिजे: उमाजींना पकडणारा कॅप्टन मॅकिन्टॉश. रामोश्यांवरील त्याचा ग्रंथ १८३३ चा. आपले पुष्कळसे तपशीलही शेवटी तेथूनच येतात. त्यातले शौर्य उचलायचे आणि चाकरी वगळायची, ही कोणती साधनचिकित्सा?

असे चरित्र एकट्या उमाजींचे नाही. युक्रेनमधील अराज्यवादी माख्नोच्या सैन्यात हेरखाते सांभाळणारा लेव्ह झादोव १९२४ मध्ये सोव्हिएत सरकारला शरण गेला, ओदेसात त्याच सरकारच्या गुप्तचर यंत्रणेत अधिकारी झाला, आणि १९३८ मध्ये त्याच सरकारने त्याला गोळ्या घातल्या. राज्यसंस्था बंडखोराला पगार देते, पण त्याचे पूर्वायुष्य विसरत नाही.

उमाजींची तडजोड दोन-तीन वर्षांतच मोडली. १८३१ मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला. त्या डिसेंबरात ते पकडले गेले, तेही जुन्या साथीदारांच्या फितुरीने; आणि १८३२ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांना फाशी झाली. जाहीरनाम्याचे हे धाडस कंपनीचा पगार घेऊन पाहिलेल्या माणसाचे होते. १८२८ गाळल्यावर ते वाचकाला कळणार कसे?