बाईची ओळ वेगळी हवी

चामटोलीत आम्ही घरोघर फिरून बायकांची माहिती गोळा केली. घर कोणाच्या नावावर, रेशनकार्डात नाव आहे का, कोणती योजना मिळते, माहेरी परतलेल्या किती, असे साधे प्रश्न. एक्सेलमध्ये दोन तक्ते केले, एक घरांचा आणि एक बायकांचा. अहवालासाठी दोन्ही जोडले, आणि माहेरी परतलेल्या बहुतेक लेकी त्यातून गायब झाल्या.

आमच्यातली एक कार्यकर्ती त्याच गावची. यादी वाचून म्हणाली, "ताई, आमच्या शेजारची कुठं गेली? तिचा फॉर्म तर मीच भरलाय."

चूक आमचीच होती. घरांच्या तक्त्यात, घर क्रमांकावरून, आम्ही बायकांची माहिती ओढून आणली होती. व्हीलूकअप हे सूत्र त्या क्रमांकाची पहिली ओळ सापडली की थांबते, पुढच्या ओळी पाहतच नाही. घरात पहिला फॉर्म भरला जातो कर्त्या बाईचा, म्हणजे आईचा किंवा सासूचा. नवऱ्याने टाकलेली लेक बोलते सगळ्यात शेवटी. घरात तिची जी जागा, तीच आमच्या तक्त्यात झाली.

आकडे हे ऑफिसातल्या मुलामुलींचे काम, असे आपण कार्यकर्त्या सहज म्हणतो. मला ते पटत नाही. तक्ता कुठे फोडायचा आणि कशावर जोडायचा, यावर कोण मोजली जाणार हे ठरते.

सरकारचेच पाहा. २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली. २०२५ मध्ये पडताळणी होऊन सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे जाहीर झाले. त्यांत चक्क पुरुषही होते, तेव्हा तपासणीच नको असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच वर्षी ई-केवायसी आले आणि बाईच्या आधारसोबत नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधार मागितले गेले. बाईची ओळ पुन्हा पुरुषाच्या ओळीला बांधली. ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटितांसाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद देण्याची सोय झाली. परित्यक्तेकडे यातला कोणता कागद असतो? नवरा जिवंत आहे, फारकत झालेली नाही, आणि तो आधार देत नाही.

हा प्रश्न सरकारला विचारायचा, तर आधी आपल्या नोंदी सुधारायला हव्यात. आम्ही आता असे करतो:

घरांचा तक्ता वेगळा, बायकांचा वेगळा, केंद्रावरच्या भेटींचा वेगळा. बायकांच्या तक्त्यात एक बाई, एक ओळ.

प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक. नावावर जोडणी करायची नाही. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. काही घरांत लग्नात पहिले नावही बदलतात.

जोडताना सुरुवात बायकांच्या तक्त्यापासून. घराची माहिती तिच्या ओळीत आणायची, तिला घराच्या ओळीत कोंबायचे नाही.

जोडणीआधी आणि नंतर ओळी मोजायच्या. कमी झाल्या तर कोणीतरी हरवली. वाढल्या तर तीनदा केंद्रावर आलेली एकच बाई तीन बाया म्हणून मोजली गेली.

मारहाणीच्या तक्रारी वेगळ्या ठेवायच्या, त्यावर फक्त क्रमांक. नावांची यादी दुसऱ्या जागी, कुलपात. सगळे एकत्र असले की एक फाइल भलत्या हाती पडली तरी बाईच्या जिवावर बेतते.

आणि शेवटी यादी गावातल्या बायकांपुढे वाचायची. आमची चूक कॉम्प्युटरने दाखवली नाही, शेजारणीने दाखवली.

त्या लेकींच्या ओळी आम्ही परत आणल्या. पुढचा अहवाल पाठवण्याआधी, मैत्रिणींनो, तुमच्याही ओळी एकदा मोजून पाहा.