वारा, शीड आणि ‘ओढ’

‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’ ही म्हण समुद्रापासून दूर असलेल्या मानवतमध्येही कुणाला समजावून सांगावी लागत नाही. वारा मागून ढकलतो, ही समजूत तिच्यात गृहीत आहे. ‘शिडात वारा भरणे’ या वाक्प्रयोगातही तेच चित्र दिसते. आपल्या मराठवाड्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील शिडाचे जहाज रंगविलेले आहे. त्यावरून गोव्यात बांधलेली ‘कौंडिण्य’ ही शिवणीची नौका २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. तिची शिडे चौकोनी असल्याने मागचा वारा त्यांना विशेष मानवतो.

मालवाहू जहाजांवर आता पुन्हा उभी राहणारी शिडे मात्र या चित्रात बसत नाहीत. २०२३ मध्ये ‘पिक्सिस ओशन’ या जहाजावर ३७.५ मीटर उंचीची दोन ताठ शिडे बसविण्यात आली. त्यांचा आकार विमानाच्या पंखासारखा, पण ती उभी असतात. वारा बाजूने आला की शिडाच्या एका अंगाने हवा अधिक वेगाने जाते व तेथील दाब घटतो. दोन्ही अंगांच्या दाबांतील फरकामुळे शीड वाऱ्याच्या दिशेशी जवळजवळ काटकोनात खेचले जाते. या बलाचा पुढचा घटक जहाजाला गती देतो, आडवा घटक पाण्यातील बूड बव्हंशी पेलते. मागचा वारा तर जहाजाच्या स्वतःच्या वेगाने उणाच होतो! अँटन फ्लेटनर यांनी १९२४ मध्ये ‘बुकाऊ’ जहाजावर शिडांऐवजी फिरती उभी नळकांडी बसविली, तीही याच तत्त्वावर. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो, तसेच हे.

यासाठी ‘पवन-साहाय्यित प्रणोदन’ असा शब्द घडविता येईल. परंतु त्यातून वाचकाला कोणतेच दृश्य दिसत नाही. विमानविद्येतला ‘उत्थापन’ हा शब्द तर येथे दिशाभूलच करील. शिडावरील बल आडवे असते आणि शब्द वर पाहायला सांगतो. शीड, डोलकाठी, सुकाणू हे कोकणातील खलाशांचे शब्द आपल्याकडे आहेतच. त्यांना धरून ‘ताठ शीड’ आणि ‘शिडाची ओढ’ असे म्हणावे, असे माझे मत आहे. ‘ओढ’ म्हटले की बल पुढून लागते, हे व्याख्या न वाचताही कळते. परिभाषेच्या काटेकोरपणासाठी तिची व्याख्या पाठ्यपुस्तकात एकदा द्यावी.