आधी गॅप, मग टायमिंग
पठाणकोटला माझी जुनी विलीज जीप मंद वाटली, म्हणून मी डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग थोडं पुढे घेतलं. जीप पळाली, मी खूश. पुढे एमटीच्या हवालदाराने पॉइंटचा गॅप नियमाप्रमाणे ०.५ मिमी केला आणि इंजिन चढावर नॉक करू लागलं. मी त्याच्यावरच डाफरलो.

चूक माझी होती. पॉइंटची टाच झिजली की गॅप घटतो, टायमिंग मागे पडतं. गॅप वाढवला की ते पुढे सरकतं. म्हणून आधी गॅप लावायचा, मगच टीडीसीआधी ५ अंशांवर टायमिंग.

डाफरलो सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. मूळ दोष झाकून चार्ज सोडला, की बोल पुढच्या प्रामाणिक माणसाला लागतो. हे फक्त जीपचं नाही.